खोतसाहेब देश सुधारतात

ज्या देशाची खोतसाहेब तीन-चार वर्षं सुधारणा करत होते, तो देश त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. याबद्दल कुणी छेडलं तर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "मंत्रालयात असताना मी गडचिरोलीची योजना लिहिली. गडचिरोलीला गेलो होतो का? जाऊन आलेल्या माणसाला योजना लिहिता येत नाही गं मनीषा. त्याला माणसं आठवत बसतात." एवढं बोलून ते चष्मा नाकावर आणायचे आणि त्या न पाहिलेल्या देशातल्या न पाहिलेल्या न्यायाधीशांना शिस्त लावायला घ्यायचे.

देशाचं नाव मी सांगत नाही. बाल्कनमधला आहे, लहान आहे आणि अजूनही युरोपियन युनियनच्या दाराशी ताटकळत उभा आहे. त्याची अडचण आणखी वाढवावी अशी माझी इच्छा नाही.

आमचं ऑफिस बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये होतं. काचेची इमारत, समोर खोदून केलेलं तळं, तळ्यात बदकं आणि बदकांना ब्रेड घालू नये अशी पाटी. दहा देश एकदम युनियनमध्ये शिरले त्याच्या पुढच्या वर्षी मी नागपूरहून तिथे आले. मागे राहिलेल्या देशांनाही आता घाई सुटली होती आणि त्या घाईवर आमच्यासारख्या सल्लागार कंपन्यांचं बरं चाललं होतं. युनियनमध्ये यायचं तर आपले सगळे कायदे युनियनच्या कायद्यांशी जुळवून घ्यावे लागतात. त्याची तीसेक प्रकरणं असतात आणि प्रत्येक प्रकरणाचा एक तक्ता: कोणती सुधारणा, कोणतं खातं करणार, कोणत्या तिमाहीत करणार. तक्ते भरायचे खोतसाहेब. ते रंगवायचं सॉफ्टवेअर माझं. काम झालं की हिरवं, रखडलं की पिवळं, झोपलं की लाल.

खोतसाहेब या धंद्यात आले ते बायकोच्या पदराला धरून. सुलभाताई भूलतज्ज्ञ, त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि साहेबांनी मंत्रालयाच्या नियोजन विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिले काही महिने ते घरीच होते. त्या काळात त्यांनी कौन्सिलला कचऱ्याच्या डब्यांबद्दल इतकी पत्रं लिहिली, की सुलभाताईंनीच त्यांच्यासाठी नोकरी शोधायला घेतली. इंटरव्ह्यूला आमचा मॅनेजर ग्रॅहम याने विचारलं, युरोपियन कामाचा काही अनुभव? साहेब म्हणाले, एकच परिच्छेद निरनिराळ्या जिल्ह्यांसाठी लिहिण्याचा मला उभ्या नोकरीचा अनुभव आहे. ग्रॅहमला वाटलं, हा माणूस विनोदी आहे. त्याने तिथल्या तिथे घेतलं. साहेब मात्र विनोद करत नव्हते, ते कधीच करत नसत.

पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एकच्या ठोक्याला उघडणारा स्टीलचा डबा. कॉम्प्युटरवर टाइप करण्याआधी ते मजकूर मनातल्या मनात मंत्रालयी मराठीत जुळवायचे, ओठ हलताना दिसायचे, आणि मग त्याचं इंग्रजी करायचे. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' हे वाक्य त्यांच्या हातून इंग्रजीत असं काही उतरायचं, की वाचणाऱ्याला वाटावं, त्या देशात आत्ता या क्षणी सगळे खुर्च्या सोडून धावताहेत. ब्रसेल्सहून शेरा यायचा, 'अत्यंत समाधानकारक मांडणी'. साहेब तो शेरा सुलभाताईंना फोन करून वाचून दाखवायचे. त्या बहुधा कुणाला तरी भूल देत असायच्या.

मला त्यांनी धंद्याचे धडे दिले, न मागता. "'विल' कधी लिहायचं नाही. 'शॅल एन्डेव्हर' लिहायचं. विल म्हणजे गळ्यात धोंड." दुसरा धडा तिमाहीचा. "जे होणार आहे ते पहिल्या तिमाहीत टाकायचं. जे होईल न होईल ते दुसऱ्या-तिसऱ्या. जे होणारच नाही ते चौथ्या. चौथी तिमाही संपते डिसेंबरात. डिसेंबरात युरोपात ऑफिसला कोण असतं? आणि जानेवारीत नवीन योजना येते."

एकदा न्यायव्यवस्थेचं प्रकरण चाललं होतं. न्यायाधीशांची लाचखोरी थांबवणे, अशी ओळ. शेवटच्या रकान्यात काम झाल्याची खूण काय ते लिहायचं असतं. साहेबांनी लिहिलं, 'दोन दिवसांची कार्यशाळा घेतली.' मी म्हटलं, "अहो, पण लाच थांबली का, ते कसं कळणार?"

"ते मोजता येत नाही," साहेब म्हणाले. "कार्यशाळा मोजता येते. तिचा फोटो असतो."

मी ती ओळ हिरवी केली. सॉफ्टवेअर रंगवायला नाही म्हणत नव्हतं.

पण साहेबांची खरी कीर्ती झाली ती मच्छीमारीच्या प्रकरणामुळे. या देशाला समुद्र नाही. नकाशात बोट फिरवून बघा, चारी बाजूंनी शेजारीच शेजारी. एक तळं आहे, मोठं आहे, पण तळंच. तरीही मच्छीमारीचं प्रकरण युनियनच्या यादीत आहे म्हटल्यावर ते भरायला हवं, असं साहेबांचं म्हणणं पडलं. "प्रकरण रिकामं ठेवायचं नसतं. रिकामी जागा दिसली की माणूस प्रश्न विचारतो." त्यांनी आधी युनियनमध्ये गेलेल्या एका देशाचा तक्ता उघडला आणि पानंच्या पानं उचलली. खोल समुद्रातल्या जाळ्यांची भोकं केवढी असावीत, बंदरात बर्फाची सोय कशी असावी, ट्रॉलरची नोंदणी कुणी करावी. तिकडच्या संसदेने तो कायदा एका बैठकीत, एकमताने पास केला. करणारच, विरोध करायला देशात समुद्रावर जाणारा एकही कोळी नव्हता. त्या देशाचं संपूर्ण हिरवं झालेलं ते पहिलं प्रकरण. ग्रॅहमने केक आणला आणि केकवर निळ्या आयसिंगचा मासा काढला होता. साहेबांनी अंडं आहे का विचारून घेतलं आणि मग दोन तुकडे खाल्ले.

घरीही हेच. इथल्या महाराष्ट्रीय मंडळींचा गणपती एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बसायचा. एका वर्षी साहेब उत्सव समितीत शिरले आणि बटाटेवडे कुणी करायचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी उपसमिती नेमली. विसर्जन झालं, हॉलच्या किल्ल्या परत गेल्या, तरी उपसमितीचा अहवाल यायचाच होता. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांचा मुलगा रोहन मला दारातच म्हणाला होता, "मनीषा मावशी, डॅडची प्लॅनमध्ये माझा होमवर्क पण आहे. डोन्ट वरी, चौथा तिमाहीत आहे." पोरगं बापाला बरोबर ओळखून होतं.

मला साहेबांचा राग यायचा का? यायचा. पण तो ऑफिसातल्या जुन्या फर्निचरचा येतो तसा, जाता-येता गुडघ्याला लागतं म्हणून. खरा राग आला तो वेस्नामुळे.

वेस्ना त्या देशाच्या सरकारातली. युरोपशी जुळवून घेण्याचं त्यांचं एक खास खातं होतं, त्यात ती होती आणि दर काही महिन्यांनी आमच्याबरोबर बसून तक्ता भरायला यायची. उंच, तिशीतली, तळ्याकाठी उभी राहून सिगरेट ओढणारी आणि पाटी वाचूनही बदकांना ब्रेड घालणारी. साहेब तिला डब्यातला चिवडा द्यायचे. ती मूठ भरून घ्यायची आणि म्हणायची, आमच्याकडे असं काही असतं तर आम्ही युरोपात जायला कशाला निघालो असतो?

त्या वसंतात ती आली ती घुसमटलेली. अन्नसुरक्षेच्या प्रकरणातला कायदा तिकडे पास झाला होता. चीज करणाऱ्या लहान डेअऱ्यांनी वर्षाच्या आत भिंतींना टाइल्स बसवायच्या, जमिनीला उतार काढायचा, लाकडी फळ्या काढून स्टीलच्या लावायच्या. नाही जमलं तर बंद. वेस्नाचे वडील तळ्यावरच्या डोंगरात अशीच एक डेअरी चालवत होते. गाई त्यांच्या, चीज त्यांचं, आठवड्याच्या बाजारात विकणारे तेच. बायको गेल्यापासून त्यांना दुसरं काही नव्हतं.

"पाच-सहा वर्षांची मुदत मिळाली तर ते हळूहळू सगळं करतील," वेस्ना म्हणाली. "बाकीच्या देशांनी मागितली होती, त्यांना मिळाली. पण आमच्या मंत्र्याने टीव्हीवर सांगितलंय, आम्ही सवलत मागणार नाही, आम्ही ताठ मानेने आत जाणार. माझ्या खात्यातून कुणी तोंड उघडू शकत नाही. सल्लागाराने शिफारस केली तरच होईल. मिस्टर खोत, एकच ओळ."

साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला. ते प्रकरण हिरवं व्हायच्या बेतात होतं. मुदत मागितली की ते पिवळं होणार, पिवळं झालं की ग्रॅहम विचारणार, आणि साहेबांच्या काँट्रॅक्टची मुदत त्याच वर्षी संपत होती. ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "इन ड्यू कोर्स, माय डिअर. इन ड्यू कोर्स."

वेस्नाचा चेहरा खुलला. बिचारीला वाटलं, काम झालं. तळ्याकाठी मी तिला सांगितलं, की आमच्याकडे 'यथावकाश' म्हणजे नाही. तिने सिगरेट पाण्यात फेकली, मग वाकून ती परत बाहेर काढली. "मग त्यांना बाबांकडे घेऊन ये," ती म्हणाली. "एकदा बघू दे त्यांना."

योग जुळून आला. मला तिकडच्या मंत्रालयात सॉफ्टवेअर बसवायला जायचं होतं आणि ग्रॅहमच्या मनात आलं, खोतांनी तिथे एक भाषण द्यावं. साहेबांनी बरीच कारणं सांगितली, पण सुलभाताईंनी परस्पर बॅग भरली. शनिवारी वेस्नाने आम्हाला गाडीत घातलं आणि डोंगरात नेलं. साहेब सुटाबुटात, टाय बांधून. सबंध रस्ताभर ते त्या देशाच्या रस्तेसुधारणेबद्दल बोलत होते आणि गाडी त्याच रस्त्यावर आमची डोकी टपाला आपटत होती.

वेस्नाचे वडील फाटकापाशी उभे होते. दांडगा माणूस, धुतलेला शर्ट, मुलीसारखेच उंच. त्यांनी घराच्याही आधी डेअरी दाखवली, एकच खोली. खोलीच्या दोन भिंतींना खांद्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स बसल्या होत्या, स्वतःच बसवलेल्या, जराशा वाकड्या. तिसऱ्या भिंतीपाशी टाइल्सची खोकी रचून ठेवली होती. आणि समोर फळ्या. जुन्या लाकडाच्या, घासून घासून गुळगुळीत झालेल्या, त्यांवर चीजचे गोल ओळीने ठेवलेले. एवढा स्वच्छ वास मला कुठल्याच फूड फॅक्टरीत आला नाही.

त्यांनी एक तुकडा कापला, ब्रेडवर ठेवला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी खाल्ला. मग वडिलांनी वेस्नाला काहीतरी म्हटलं आणि ती म्हणाली, "ते विचारताहेत, साहेब युरोपातून आलेत ना? मग सांगा म्हणावं, या फळ्या ठेवू की काढू?"

साहेब फळ्यांकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, आता 'प्रगतीपथावर' येणार, आता तिमाही येणार. काही आलं नाही. वडिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, वेस्नाने तो पुन्हा सांगितला. साहेबांनी तोंडातला घास गिळला, डोळे पुसल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. मी त्या माणसाला पहिल्यांदाच शब्दावाचून उभा राहिलेला पाहत होते आणि मला मनापासून बरं वाटलं.  मग वडिलांनी एक अख्खा गोल कापडात बांधून साहेबांना दिला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परतताना साहेब एवढंच म्हणाले, "फळ्यांची अट माझीच आहे गं. दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून उचलली. तिथे कुणी काही विचारलं नव्हतं."

हीथ्रोला मात्र त्यांच्यातला अधिकारी पुन्हा जागा झाला. सांगण्यासारखं काही नसलेले सगळे कस्टमच्या हिरव्या दारातून बाहेर पडत होते, साहेब छाती काढून लाल दाराकडे गेले, कारण नियम म्हणजे नियम आणि आपण अन्नसुरक्षेचे सल्लागार. टेबलामागे एक तरुण मुलगी होती, पंजाबी चेहऱ्याची, बोलण्यात पूर्व लंडनचा हेल. तिने कापड सोडलं आणि मान हलवली. युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

"परंतु ते लवकरच युनियनमध्ये येणार आहेत," साहेब म्हणाले. "शी इज अ कँडिडेट कंट्री. मी स्वतः त्यांची योजना लिहितो."

"व्हेन दे जॉइन, अंकल, यू ब्रिंग ॲज मच ॲज यू लाइक," ती म्हणाली आणि तिने तो गोल पिवळ्या डब्यात टाकला. धप्पकन आवाज झाला. ज्या नियमाने टाकला त्याचा क्रमांक साहेबांना पाठ होता, त्यांनी तो मला ट्रेनमध्ये सांगितला. मी हसले. मला आवरलंच नाही.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी काय केलं, ते मी सांगितलं तर मंत्रालयातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतील. अन्नसुरक्षेच्या प्रकरणाला त्यांनी हातही लावला नाही. त्यांनी मच्छीमारीचं उघडलं. "हिरवं प्रकरण कुणी वाचत नाही," ते म्हणाले. "मी वाचलं असतं का?" आणि तिथे, जाळ्यांच्या भोकांच्या खाली, त्यांनी एक नवी ओळ घातली. सरोवराच्या पाणलोट क्षेत्रातील सर्व लघुउत्पादकांना, त्यांचे उत्पादन कोणतेही असो, नवीन अटींतून सहा वर्षांची सूट.

"पाणलोट?" मी म्हटलं.

"पाणी जिथून जिथून तळ्यात येतं ती सगळी जमीन. आता तळ्यात पाणी येतं डोंगरातून. आणि त्या देशात डोंगर सोडून आहे काय?" त्यांचे डोळे चमकत होते. आयुष्यभर ज्या कलेने त्यांनी कामं अडवली, त्याच कलेने ते आज एक काम पुढे ढकलत होते, आणि मला कबूल करायला हवं, काय सुरेख ढकलत होते! ग्रॅहमने सही केली. तिकडच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलं. ब्रसेल्सहून शेरा आला, 'मच्छीमारीतील प्रगती अत्यंत समाधानकारक.' वेस्नाला कळवू का, असं मी विचारलं तर साहेब खवळले. "खबरदार! ती आली की मी स्वतः सांगणार." त्यांना तिचा चेहरा बघायचा होता. इतक्या वर्षांत आपल्या योजनेने कुणाचं काही भलं झालेलं बघण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग होता.

वेस्ना शरद ऋतूत आली. त्याच शुक्रवारी माझा शेवटचा दिवस होता, सोमवारपासून मँचेस्टरला दुसरी नोकरी. साहेबांनी सुलभाताईंकडून बेसनाचे लाडू करवून आणले होते. तिला खुर्चीवर बसवलं, तक्ता उघडला, मच्छीमारीच्या प्रकरणात नेलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. पाणलोट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आवाजात अगदी लाडू फुटत होते.

वेस्नाने ती ओळ वाचली. परत वाचली. मग ती म्हणाली, "बाबांनी गाई विकल्या."

"कधी?"

"तुम्ही येऊन गेलात, त्याच्या पुढच्या बाजाराला."

"पण का?" साहेबांचा आवाज चिरकला. "मी तर काही बोललोही नाही!"

"म्हणूनच," वेस्ना म्हणाली. ती चिडलेली नव्हती, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आमच्याकडे अधिकारी बडबड करत असतात, तोवर लोक घाबरत नाहीत. बडबडतो आहे म्हणजे अजून वेळ आहे, अजून काहीतरी करता येईल. बाबांनी तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही फळ्यांकडे बघितलंत आणि मान खाली घातलीत. ते मला म्हणाले, चांगला माणूस आहे, त्याला तोंडावर सांगवलं नाही. मी किती समजावलं. त्यांनी टाइल्सची खोकीसुद्धा परत दिली."

 वेस्नाने एक लाडू उचलला, कारण साहेबांनी डबा पुढे धरलेला होता आणि तो मागे घ्यायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. खाल्ला, छान झालाय म्हणाली आणि सिगरेट ओढायला खाली गेली.

त्या माणसाची मी दोन वर्षं टर उडवली होती आणि पुढेही उडवली असती. त्या दुपारी मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण गाई काही त्यांच्या विकल्या गेल्या नव्हत्या.

संध्याकाळी मी माझं सामान खोक्यात भरून बाहेर आले तेव्हा सुलभाताई त्यांना न्यायला आल्या होत्या. गाडी चालू होती. साहेब आत बसले, पट्टा लावला, आणि गाडी हलणार तोच त्यांनी काच खाली केली.

"मनीषा," ते म्हणाले, "त्या गाई कुणी घेतल्या, विचारलंस का गं तिला?"

मी नाही म्हटलं.

"दूध काढणाऱ्याने घेतल्या असतील ना?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं.  साहेब उत्तराची वाट बघत राहिले, काच तशीच उघडी ठेवून, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा सुलभाताईंना निघावं लागलं.